पालघर-तारापूर परिसर आणि बहुविद्याशाखीय संशोधन : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनपत्रिकेचा कोणताही बहुविद्याशाखीय अंक उघडला असता त्यात समाजशास्त्र, आरोग्य व पर्यावरण या तिन्ही क्षेत्रांतील लेख शेजारी शेजारी नांदताना दिसतात. मात्र शेजारी असणे वेगळे आणि परस्परांशी बोलणे वेगळे. पाण्याच्या आम्लतेवरील लेखाला त्या पाण्यात जाळे टाकणाऱ्याची माहिती नसते, मच्छीमार कुटुंबांच्या उत्पन्नावरील लेखात पाण्याचा उल्लेख नसतो आणि त्वचारोगांवरील लेखात हे दोन्ही नसते. प्रस्तुत लेखात या तुटलेपणाची चिकित्सा पालघर तालुक्यातील बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात केली आहे. या परिसरात १९६९ पासून चालू झालेले अणुवीजकेंद्र आहे, रसायनांची मोठी औद्योगिक वसाहत आहे, सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी ही मासेमारीची गावे आहेत, पूर्वेस आदिवासी पाडे आहेत आणि पालघरनजीक कोळगाव येथे जिल्ह्याचे मुख्यालय आहे. तिन्ही विद्याशाखांचा विषय येथे वस्तुतः एकच आहे. त्याचे तुकडे केले जातात ते संशोधकाच्या टेबलावर.

एका निर्देशांकाची कथा

तारापूरविषयीच्या लेखनात हमखास येणारा पुरावा म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांक. २००९ च्या मूल्यमापनात तारापूरला ७२.०१ गुण मिळाले. २०१८ च्या मूल्यमापनात ते ९३.६९ झाले आणि देशातील शंभर औद्योगिक क्षेत्रांत तारापूर सर्वाधिक प्रदूषित ठरले. या दोन आकड्यांची वजाबाकी करून नऊ वर्षांत प्रदूषण अमुक टक्क्यांनी वाढले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह सहज होतो. तथापि, मधल्या काळात, २०१६ मध्ये, निर्देशांकाचे सूत्रच बदलले. पहिल्या सूत्रात बाधित होऊ शकणाऱ्या लोकसंख्येचा विचार होता. सुधारित सूत्रात उद्योगांच्या प्रमाणास २०, हवा-पाण्याच्या प्रत्यक्ष स्थितीस ५०, आरोग्यविषयक आकडेवारीस १० आणि नियमपालनाच्या स्थितीस २० असे गुण ठेवले गेले. म्हणजे ७२.०१ आणि ९३.६९ या एकाच शिडीच्या दोन पायऱ्या नव्हेत. दोन्ही आकडे ७० च्या वर, म्हणजे ‘अतिप्रदूषित’ या वर्गात मोडतात, एवढेच त्यांवरून निश्चितपणे सांगता येते. आणि तेही थोडे नाही.

अधिक महत्त्वाचा मुद्दा त्या दहा गुणांचा आहे. आरोग्याचे हे गुण परिसरातील काही प्रमुख रुग्णालयांत नोंदल्या गेलेल्या रुग्णसंख्येतील वाढीवरून द्यावयाचे असतात. येथे समाजशास्त्राच्या अभ्यासकाने थांबून विचारावयास हवे की, बोईसरमध्ये आजारी पडणारा माणूस रुग्णालयाच्या नोंदवहीत येतो काय? औद्योगिक वसाहतीतील कामगारांचा मोठा भाग परप्रांतीय आहे. तो चाळीतील भाड्याच्या खोलीत राहतो आणि बहुधा कंत्राटदारामार्फत कामाला लागलेला असतो. असा माणूस प्रथम जवळच्या खाजगी डॉक्टरकडे जातो. दुखणे लांबले तर गावी परततो आणि त्याची नोंद, झालीच तर, उत्तर प्रदेशातील वा बिहारमधील एखाद्या जिल्ह्यात होते. तेव्हा रुग्णालयातील संख्या वाढली नाही याचा अर्थ आजार वाढला नाही, असा घेता येत नाही. आरोग्याचा हा आकडा वाचण्यासाठी स्थलांतराचा अभ्यास लागतो आणि स्थलांतराचा अभ्यास अर्थपूर्ण होण्यासाठी कोणत्या कारखान्यात कोणते द्रव्य हाताळले जाते, याची माहिती लागते. बहुविद्याशाखीयता म्हणतात ती हीच. अंकाच्या मुखपृष्ठावर तो शब्द छापल्याने ती सिद्ध होत नाही.

पूर्वस्थितीच्या नोंदीचा अभाव

अणुवीजकेंद्र सुरू होण्यापूर्वीच भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूर येथे पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा स्थापन केली होती. हेतू उघड होता. किरणोत्साराची मूळ पातळी ठाऊक असल्याखेरीज पुढील वाढ मोजता येणार नाही. हीच साधी शिस्त समाजजीवनाच्या बाबतीत मात्र पाळली गेलेली दिसत नाही. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली. या विस्थापितांवर आज अभ्यास करू पाहणाऱ्याला त्यांच्या मूळ गावातील मासेमारी, शेती, आहार व कर्ज यांची तुलनायोग्य नोंद हवी असते. ती नसेल तर लोकांच्या आठवणींवर भिस्त ठेवावी लागते. आठवणी मोलाच्या असतात, परंतु त्यांवरून टक्केवारी काढणे धाडसाचे ठरते.

औद्योगिक सांडपाण्याच्या बाबतीतही हेच घडले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. न्यायाधिकरणाने तज्ज्ञ समितीकरवी हानीचे मूल्यमापन करविले आणि जानेवारी २०२२ मध्ये उद्योगांवर भरपाई बसविणारा निकाल दिला. लक्षणीय गोष्ट ही की, प्रश्न मांडला तो मच्छीमारांनी आणि मूल्यमापन झाले ते हानी होऊन गेल्यावर. ज्या खाडीकाठी दरवर्षी पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी बाटल्या भरून नमुने आणतात, तेथील सलग वीस वर्षांची, तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि ठिकाण नोंदविलेली मालिका एखाद्या महाविद्यालयाकडे असती तर तिचे मोल अशा वेळी किती झाले असते, याची कल्पना करता येते. सुटे नमुने भरपूर असतात, मालिका नसते. ओहोटीला घेतलेला नमुना आणि भरतीला घेतलेला नमुना यांची सरासरी काढणारे लेखही विरळ नाहीत!

ठाण्याचे आकडे, पालघरचे निष्कर्ष

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. २०२१ मध्ये जिल्हा प्रशासनाची कार्यालये कोळगाव येथील नव्या संकुलात आली. अभ्यासकाच्या दृष्टीने ही सोय आहे, पण आकड्यांची अडचण तिने मिटत नाही. २०११ ची जनगणना अविभाजित ठाणे जिल्ह्याची आहे. त्यामुळे पालघरची २९,९०,११६ ही लोकसंख्या आठ तालुक्यांची बेरीज करून मिळते. ही बेरीज न करता ठाण्याचे जुने दर आणि पालघरचे नवे दर एकाच तक्त्यात मांडले जातात, तेव्हा तो तक्ता दिशाभूल करतो. शिवाय या बेरजेत एकट्या वसई तालुक्याचा वाटा तेरा लाखांहून अधिक आहे. वसई-विरारची नागरी वस्ती आणि जव्हार-मोखाड्यातील पाडे यांची सरासरी काढली तर जी जिल्हा-सरासरी मिळते तिच्यासारखे एकही गाव जिल्ह्यात सापडणे कठीण. वावर-वांगणी येथील १९९२-९३ मधील बालमृत्यूंनी जव्हार तालुका देशभर माहीत झाला. त्या प्रकारची दुरवस्था जिल्ह्याच्या सरासरीत सहज बुडून जाते.

प्रश्नावलीची मिरासदारी

समाजशास्त्रीय लेखांची ठरावीक घडण वाचकांना परिचित आहे. सोयीने निवडलेले पन्नास किंवा शंभर उत्तरदाते, होय-नाही स्वरूपाची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि शेवटी ‘जनजागृती व्हावी’, ‘पालकांची उदासीनता दूर करावी’ अशा शिफारशी. या शिफारशी सर्वेक्षणापूर्वीही लिहिता आल्या असत्या. याच्या उलट उदाहरण याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम केले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत याचे कारण त्यांनी उदासीनतेत शोधले नाही. मूल गुरे राखते आणि धाकट्या भावंडाला सांभाळते, हे त्यांनी पाहिले. त्यातून गुरांमागे जाणारी कुरणशाळा निघाली आणि भावंडांसाठी पाळणाघर निघाले. निरीक्षण खरे होते, म्हणून उपाय नेमका ठरला. आरोग्याच्या क्षेत्रात गडचिरोलीतील डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कामाचा दाखला असाच देता येतो. घरोघरच्या नवजात बालसेवेचा १९९९ मधील ‘लॅन्सेट’मधला निबंध ३९ गावांची तुलना ४७ नियंत्रण-गावांशी करतो, आणि त्यामागे गावोगावच्या जन्ममृत्यूंची स्वतः केलेली मोजणी आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापकाला एवढी साधने नसतात, हे खरे. त्याच्यावरील दडपणही ध्यानात घ्यावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी लेखांना गुण जोडले आणि गुणांना बढती. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे पुण्यातील अभ्यासकांनी ‘करंट सायन्स’मधून २०१८ मध्ये दाखविले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली आणि नियतकालिकाचा दर्जा पारखण्याचे काम संस्थांकडे आले. आता यादीकडे बोट दाखविता येणार नाही. लेख तपासणाऱ्या सहकाऱ्यालाच नमुना कसा निवडला, तारखा कोठे आहेत, जिल्ह्याची हद्द कोणती धरली, हे विचारावे लागेल.

हे विचारण्याची निकड डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराने वाढविली आहे. ज्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये या बंदरास नकार दिला होता, त्याच डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अनुमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. बंदराचे समर्थन वा विरोध हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु डोल जाळीत कोणत्या महिन्यात काय सापडते, मासे सुकविणाऱ्या आणि बाजारात नेणाऱ्या स्त्रियांची मिळकत किती, डायमेकरांचे कारखाने आज किती माणसे पोसतात, मुलांची वजने काय आहेत, या गोष्टी भराव पूर्ण झाल्यावर मोजता येणार नाहीत. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. वजनकाटा, वही, भरतीचे कोष्टक आणि प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र व गृहविज्ञान या विभागांतील तीन प्राध्यापकांनी एकाच गावी, एकाच दिवशी जाणे एवढे पुरते. मूळ तक्ते मात्र मौखिक परीक्षेनंतर रद्दीत न जाता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, मराठीत आणि त्या गावच्या माणसालाही मागता येतील अशा रीतीने ठेवावे लागतील.