औंधचे दोन वाडे

राजवाडा पाहायला गेलेला मराठी माणूस बहुधा दोन गोष्टींपैकी एक करतो. तो हंड्या-झुंबरे मोजतो, नाही तर उसासा टाकतो. मोजणारा म्हणतो, 'काय ती श्रीमंती!' उसासणारा म्हणतो, 'सारा रयतेचा घाम!' मग दोघेही बाहेर येऊन एकाच गाडीवर भेळ खातात आणि एकाच मोटारीने घरी परततात. माझ्या मते दोघांनीही वाडा पाहिलेला नसतो. एकाने किंमत पाहिलेली असते, दुसऱ्याने पाप.

पुस्तक हाती घेतले की आपण सहज विचारतो, हे कोणासाठी लिहिले आहे? मुलांसाठी, पंडितांसाठी, की लेखकाच्या स्वतःच्या समाधानासाठी? वास्तूला मात्र हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. वास्तविक वाडा हीसुद्धा एक कृतीच आहे. तिच्यात कर्त्याचा स्वभाव उतरतो, त्याची हौस दिसते, त्याची खोटही दिसते. कोल्हापूरचा १८८४ साली पुरा झालेला नवा राजवाडा आणि बडोद्याचा १८९० चा लक्ष्मीविलास या दोहोंचे आराखडे मँट नावाच्या एकाच इंग्रज स्थपतीने केले होते. दोन्ही इमारती देखण्या आहेत. पण त्या कोणाकडे तोंड करून उभ्या आहेत, असे विचारले तर उत्तर स्पष्ट आहे: येणाऱ्या पाहुण्याकडे. 'आम्हीही कमी नाही,' हे त्या मोठ्या आवाजात सांगतात.

हाच प्रश्न घेऊन औंधला गेले की वेगळे उत्तर मिळते. म्हणून या दिवाळीच्या निवांतपणात वाचकांना तिकडे नेण्याचा बेत आहे.

औंध म्हणजे महाबळेश्वर नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले हे गाव. टेकड्या आहेत, पण घाटमाथ्याच्या धुक्याचे लाड त्यांच्या वाट्याला आलेले नाहीत. पाऊस पश्चिमेला सह्याद्रीवर मोकळा होतो आणि इकडे रिकाम्या हाताने येतो. अशा कोरड्या मुलखात पंतप्रतिनिधींची गादी होती. प्रतिनिधिपद राजाराम महाराजांच्या जिंजीच्या दिवसांत निर्माण झाले. पुढे किन्हईच्या परशुराम त्रिंबकांनी ते मिळवले आणि ते त्यांच्या घराण्यात राहिले. संस्थान लहान, सुमारे ५०० चौरस मैलांचे, आणि तेही सलग नाही. औंध एकीकडे, आज सांगली जिल्ह्यात असलेली कुंडल आणि आटपाडी दुसरीकडे, आणि एक तुकडा तर पार विजापूरकडे. फाटलेल्या धोतराचे तुकडे जुळवावेत तसा हा कारभार.

गावात यमाईचे देऊळ आहे, त्यापुढे उंच दीपमाळ आहे आणि देवळाच्या शेजारीच राजवाडा आहे. हा झाला पहिला वाडा. याला राजवाडा म्हणायचे ते राजा राहत होता म्हणून. एरवी थोरल्या इनामदाराच्या वाड्याचीच ही जात: लाकडी खांब, चौक आणि देवीची सोबत. देऊळ आणि वाडा इतके जवळ आहेत की देवी राजाच्या शेजारी राहते की राजा देवीच्या, असा प्रश्न पडावा. मला विचाराल तर राजाच शेजारी आहे.

दुसरा वाडा टेकडीवर आहे. गावालगतच्या या टेकडीच्या माथ्यावर यमाईचे मूळपीठ आहे, आणि तिकडे जाणाऱ्या वाटेवर, चढ अजून शिल्लक असताना, एक प्रशस्त इमारत लागते. हे श्रीभवानी चित्र-पदार्थ संग्रहालय. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली ते उभारले. चित्रांवर दिवसाचा उजेड पडावा अशी त्याची योजना आहे. आता राजाने आपली चित्रे खालच्या वाड्यात ठेवली असती तर कोणी नावे ठेवली नसती. मुंबईला किंवा पुण्याला दिली असती तर कौतुकच झाले असते. त्यांनी ती देवीच्या वाटेवर ठेवली. यात्रेला आलेला शेतकरी, कडेवर पोर आणि हातात नारळ घेऊन निघालेली बाई, ही माणसे कलादालनाची पायरी आपण होऊन चढणार नाहीत. पण देवीची पायरी चढणारच. संग्रहालय कोठे बांधावे यावर पुष्कळ ग्रंथ असतील, पण याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही. औंधचा खरा राजवाडा हा वरचा आहे. खालचा राजाने स्वतःला राहायला ठेवला आणि वरचा प्रजेला पाहायला बांधला.

हे राजे होते तरी कोण? १८६८ साली जन्मले, १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्कार घराघरात पोचवणारे म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांना ते ठाऊक होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीला त्यांनी पाठबळ दिले. कुंडलजवळचे निवडुंगाचे माळरान १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी मिळाले तेही त्यांच्याच राज्यात. १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वेरूळ आणि अजिंठ्यावर त्यांनी पुस्तके लिहिली. पण या साऱ्या उद्योगांची किल्ली माझ्या मते एका गोष्टीत आहे: ते कीर्तनकार होते. कमरेला उपरणे बांधून कथा सांगायला उभा राहणारा हा राजा होता.

त्यांची स्वतःची चित्रकला याच किल्लीने उघडते. १९१६ सालच्या त्यांच्या चित्ररामायणाकडे निव्वळ चित्रकला म्हणून पाहिले तर दोष काढायला वेळ लागत नाही. माणसे चित्रात वावरण्याऐवजी रंगभूमीवर उभी असल्यासारखी वाटतात. हातवारे मोठे आहेत आणि भाव चेहऱ्यावर लिहून ठेवल्यासारखे आहेत. रविवर्म्याने आपल्या देवादिकांना जे मांसल, घरगुती रूप दिले त्याची छाया आहे, पण त्याच्या रंगातला ओलावा नाही. राजा म्हणून त्यांना या दोषांतून सूट देण्याचे मला कारण दिसत नाही. चित्राच्या चौकटीत सगळे सारखेच. पण हीच चित्रे कीर्तनातल्या आख्यानासारखी ओळीने पाहा. मग ध्यानात येते की प्रत्येक चित्र पुढच्या चित्राला वाट करून देते आहे. कीर्तनकार एका शब्दावर रेंगाळत नाही. त्याला कथा पुढे न्यायची असते, आणि मागे बसलेल्यालाही ऐकू जायला हवे असते. हातवारे मोठे का, याचे उत्तर तिथे मिळते.

आता मुख्य वादाकडे येतो. या संग्रहालयात अस्सल चित्रे पुष्कळ आहेत. रविवर्म्याची सैरंध्री आहे. कीचकाच्या महाली जाण्याची पाळी आलेल्या द्रौपदीचा तो प्रसंग १९०७ साली खाडिलकरांनी रंगभूमीवर आणला आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली, हे आठवले की आपल्या मनात तिला वेगळे वजन येते. पण अस्सल चित्रांच्या जोडीला पाश्चात्त्य चित्रकारांच्या गाजलेल्या कृतींच्या प्रतिकृतीही आहेत. जाणते लोक इथे नाक मुरडतात. नक्कल ती नक्कल, म्हणतात. तिला भिंत कशाला द्यायची?

आक्षेप हलका नाही. चित्राचा प्राण कुंचल्याच्या फटकाऱ्यात असतो आणि नकलाकार फटकारा मारत नाही, तो रेघ गिरवतो. पण हा दोष औंधच्या राजाचा एकट्याचा नव्हता. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये १८७३ साली खास दालने उघडली, ती प्लास्टरच्या साच्यांसाठी. मायकेल अँजेलोचा डेव्हिड आणि रोमचा ट्रेजनचा स्तंभ तिथे प्लास्टरमध्ये उभे आहेत. ज्याला रोमला जाता येत नाही त्याच्या गावी रोम आणावे, ही त्या काळाची श्रद्धा होती. लंडनच्या कारागिरासाठी जी गोष्ट उदारपणाची ठरते ती खटावच्या शेतकऱ्यासाठी हास्यास्पद का ठरावी? शिवाय आपल्या परंपरेत पुन्हा सांगणे हे कमीपणाचे कधी नव्हते. कीर्तनकार मूळ कथेचा कर्ता नसतो. तो दुसऱ्याची कथा आपल्या गावात, आपल्या बोलीत आणतो. औंधच्या प्रतिकृती म्हणजे रंगातले कीर्तन, असे समजून पाहिले तर राग जातो.

मात्र कीर्तनालाही मर्यादा असते. प्रतिकृती विषय सांगते, स्पर्श सांगत नाही. हा फरक समजून घ्यायला औंधसारखी जागा नाही, कारण प्रतिकृतींच्याच छपराखाली पहाडी शैलीतली किरातार्जुनीयाची चित्रमालिका आहे. हिमालयात तप करणारा अर्जुन, किराताच्या वेषात आलेला शंकर, मध्ये डुकराची शिकार आणि मग दोघांची झटापट. मोठ्या तैलचित्रासमोरून चार पावले मागे सरावे लागते. इथे नाक लावून पाहावे लागते. मोठे चित्र सभेत बोलते, हे कानात. मुलांना घेऊन जाल तेव्हा एक करा. एकदा मोठ्या प्रतिकृतीपुढे उभे करा आणि मग या लहान चित्रापुढे. काही समजावू नका. आपोआप आवाज कोठे खाली येतो ते बघा.

आणि मग हेन्री मूर. यॉर्कशायरमधल्या खाणकामगाराच्या या मुलाचे 'माता आणि बालक' हे दगडी शिल्प औंधसारख्या आडगावी आहे, ही गोष्ट ऐकूनच अनेकांना गंमत वाटते. गमतीपेक्षा जास्त काही त्यात आहे. सुशिक्षित माणूस मूरच्या शिल्पापुढे अवघडतो. नाकडोळे कुठे आहेत, असे तो विचारतो, कारण त्याची नजर रविवर्म्याच्या छापील चित्रांवर वाढलेली असते. पण जो शेतकरी बांधावरच्या शेंदूर फासलेल्या तांदळ्यापुढे नमस्कार करतो, ज्याला गोल दगडात मरीआई दिसते, त्याला दगडात आई पाहायला कोणी शिकवायला नको. दगडाला दगडच राहू द्यावे आणि त्यातून माणूस उगवावा, हे मूरने धरलेले तत्त्व आपल्या म्हसोबाला अनोळखी नाही. साऱ्या संग्रहात सर्वांत परदेशी वाटणारी वस्तू औंधच्या मातीला सर्वांत जवळची आहे, असे मी म्हटले तर वाचकांनी ती अतिशयोक्ती समजू नये. देवीचे दर्शन करून मगच या शिल्पापुढे यावे, एवढीच माझी सूचना आहे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. या संग्रहाचे मन पुराणात रमते, युरोपात रमते. बांधापलीकडच्या माणसात तेवढे रमत नाही. त्या मुलखाच्या उन्हाने रापलेला मेंढपाळ, दुष्काळात गाव सोडणारी माणसे, यांच्याकडे पाहण्याची दृष्टी राजाच्या रसिकतेत कमी होती. कीर्तनकाराला रामाची ओढ जास्त, समोर बसलेल्या श्रोत्याचे चित्र काढायचे त्याला सुचत नाही. गंमत अशी की ते काम याच संस्थानातल्या एका मुलाने केले. आटपाडीकडच्या माडगुळ्याच्या व्यंकटेशाने १९४९ साली 'माणदेशी माणसे' दिली. हा लेखकही हातात कुंचला धरणारा. जी तसबीर टेकडीवरच्या भिंतींवर राहून गेली होती ती त्याने पानांवर टांगली. त्याचे थोरले भाऊ गजानन औंधच्याच शाळेत शिकले होते. राजाने प्रजेला चित्रे दाखवली, आणि प्रजेच्या मुलांनी प्रजेचे चित्र काढले. उणिवेची अशी भरपाई क्वचित होते.

टेकडीवर चित्रे गेली आणि पाठोपाठ सत्ताही वाड्यातून बाहेर पडली, हा योगायोग मला वाटत नाही. संग्रहालय १९३८ चे, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या राजाने राज्यघटना देऊन कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. गांधीजींचा सल्ला, पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांची खटपट आणि राजपुत्र अप्पासाहेब पंतांचा उत्साह त्यामागे होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर या कैद्यांच्या खुल्या वसाहतीचा प्रयोग झाला. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरूनच सुचला. ज्याच्याजवळ काही आहे त्याने ते वाटेवर आणून ठेवावे, चित्र असो की हुकूम, असा या माणसाचा साधा हिशेब दिसतो.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि १९५१ साली बाळासाहेब गेले. आज टेकडीवरचा वाडा शासनाकडे आहे, म्हणजे तुमच्याआमच्याकडे आहे. इथे पहिल्या प्रश्नाला धार येते. बांधणाऱ्याने तो कोणासाठी बांधला याचे उत्तर इमारत देते. पण ज्यांच्यासाठी बांधला ते आले काय, याचे उत्तर आपल्याला द्यायचे असते. देवीला नारळ फोडून, संग्रहालयात वीस मिनिटे फिरून, 'खूप चित्रे आहेत' असे म्हणत उतरणाऱ्यांनी तो वाडा रिकामाच ठेवला म्हणायचे. कीर्तनाला श्रोता लागतो. तो झोपला तर कथा संपते, बुवा कितीही थोर असोत.

म्हणून या सुटीत गेलात तर सगळे पाहू नका. घरातल्या प्रत्येकाने एकच चित्र किंवा एकच मूर्ती निवडावी, तिच्यापुढे जरा थांबावे, आणि रात्री फराळाच्या ताटावर आपापली निवड इतरांना सांगावी. आजी कदाचित सैरंध्री निवडतील, धाकटा डुकराची शिकार निवडेल आणि कोणी तरी मूरच्या आईवरून भांडेल. त्या भांडणात औंधचा दुसरा वाडा पुन्हा नांदता होईल.