भक्ती उदंड, साधनं तोकडी

टेंभुर्णीसारख्या गावात रविवारच्या उपदेशाची तयारी करणाऱ्या पाळकाच्या फडताळात काय असतं? पवित्र शास्त्र, ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक, भक्तिपर पुस्तिका, साक्षींची पुस्तकं आणि इंग्रजीतून आणलेले उपदेशसंग्रह. मीही पाळक आहे आणि माझं फडताळ याहून फार वेगळं नाही. मनाला उभारी देणारं त्यात पुष्कळ आहे. शास्त्राचा मूळ पाठ पडताळायला हाताशी धरावं असं फार थोडं. जुना करार हिब्रूत, त्याचा काही भाग अरामीत, नवा करार ग्रीकमध्ये. तिथवर जायचं तर आज आम्हाला इंग्रजीला वळसा घालावा लागतो.

पूर्वी असं नव्हतं. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, तेही कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंसाठी. पुढे त्याच समाजातल्या जोसेफ यहेजकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. आमच्या मंडळ्यांत मात्र ही परंपरा रुजली नाही.

याला ठळक अपवाद एकच. टेंभुर्णीहून महामार्गाने पुण्याकडे निघालं की वाटेत चौफुला लागतो. तिथून आत केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये काम संपलं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला, मिशनमधल्या स्त्रियांनीच जुळवलेल्या खिळ्यांतून. मुळाला चिकटून राहण्याच्या आग्रहापायी त्यातली वाक्यं कुठेकुठे ताठर झाली आहेत, आणि मंडळ्यांमध्ये तो रुळला नाही. पण रमाबाईंचं खरं देणं त्यांच्या पद्धतीत आहे. बालपणापासून मुरलेल्या संस्कृत व्याकरणाच्या बळावर त्या या भाषांकडे गेल्या. ती पद्धत पुढे कुणी चालवली नाही.

सर्जनशील लेखनात आमची बाजू याच्या नेमकी उलट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ मध्ये छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत आहे. रेव्हरंड टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं; मराठी कादंबरीचा इतिहास तिथून सुरू होतो. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ही माणसं मराठी वाचकाची झाली, कारण त्यांनी मराठीचा घाट आपला मानला. अभ्यासग्रंथांनी तो कधी मानलाच नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आली, पण शिकवणं इंग्रजीतूनच. आता मोबाईलवर मूळ पाठ, शब्दकोश, सगळं फुकट मिळतं. त्याचेही अर्थ इंग्रजीतच.

यात गंमत अशी की हिब्रू आणि ग्रीकला व्याकरणाच्या काही बाबतींत इंग्रजीपेक्षा मराठी जवळची आहे. ग्रीक नामांच्या विभक्ती पाहून इंग्रजी विद्यार्थी गांगरतो; आमच्या पोरांनी विभक्तीचे तक्ते शाळेतच घोकलेले असतात. ग्रीकची तीन लिंगं मराठीतही आहेत. हिब्रूत ‘तू गेलास’ आणि ‘तू गेलीस’ असा भेद क्रियापदातच दिसतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो मुद्दाम समजावून सांगावा लागतो. तरीही आम्ही हे सारं आधी इंग्रजीत उतरवतो आणि मग मराठीत समजून घेतो. म्हणजे सोपं होतं ते अवघड करून शिकतो.

मराठीतून अभ्यासाची पुस्तकं काढू म्हटलं की आक्षेप ठरलेला आहे: वाचक किती, छपाईचा खर्च कोण करणार, आणि शेतमजुरी करून मंडळी सांभाळणाऱ्या पाळकाला ग्रीक कशाला? वाचक थोडे आहेत, हे खरं. पण त्या पाळकाने पंडित व्हावं असं कुणी म्हणत नाही. एकाच वचनाची दोन मराठी भाषांतरं वेगळी का, असं मंडळीतल्या एखाद्या मुलीने विचारलं तर त्याला उत्तर देता यावं, एवढंच. आज तो गप्प बसतो, किंवा परदेशी प्रचारकाचा व्हिडिओ सांगेल ते प्रमाण मानतो. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. चुकीची शिकवण मंडळीत अशीच शिरते.

म्हणून प्रकाशनसंस्थांनी आणखी एक भक्तिपर अनुवाद छापण्याआधी विचार करावा. मराठी आणि संस्कृतच्या आधाराने लिहिलेलं ग्रीक व्याकरण, नव्या करारापुरता ग्रीक-मराठी कोश आणि मार्कच्या शुभवर्तमानावर शब्दशः टिपा देणारं एक पुस्तक, एवढ्याने सुरुवात होईल. मार्क सर्वांत लहान शुभवर्तमान आहे आणि त्याची ग्रीकही साधी. लेखक सेमिनरीतले प्राध्यापक असू शकतात. अट एकच, पहिला मसुदा मराठीत लिहायचा आणि तो छापण्याआधी खेड्यातल्या पाळकांकडून वाचून घ्यायचा.