जमिनीवरचे बूट

फराळाच्या ताटाशेजारी लढाईचा विषय काढतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण निमित्त घरातलेच आहे. माझा भाचा एका वृत्तपत्रात इंग्रजी बातम्या मराठीत आणण्याचे काम करतो. २०१३ च्या सप्टेंबरात एका दुपारी त्याचा फोन आला. "मामा, सीरियात अमेरिकेचे 'बूट्स ऑन द ग्राउंड' असणार नाहीत, असे ओबामा म्हणाले. मी 'जमिनीवर बूट' लिहिले, तर आमचे संपादक विचारतात, बूट जमिनीवर नाहीत तर काय फळीवर ठेवायचे?"

संपादकांचे बरोबरच होते. या शब्दांचा अर्थ एवढाच की, परमुलखात प्रत्यक्ष उतरवलेले सैनिक. आकाशातून बाँब टाकता येतात. मुलूख राखायला मात्र माणूस लागतो. व्होल्नी वॉर्नर या अमेरिकन सेनानीच्या तोंडी हा प्रयोग १९८० साली, इराणमधील ओलिसांचा पेच चालू असताना, छापलेला सापडतो.

माणसाऐवजी वस्तू मोजण्याची खोड तशी जुनी. इंग्रज पायदळाला नुसते 'फूट' म्हणत. आपल्या बखरींतही 'दहा हजार घोडा' चालून येतो, आणि वरचा स्वार वाचकाने समजून घ्यायचा. पानिपतच्या, १७६१ च्या, संहाराची वार्ता तर मोत्ये आणि मोहरा गेल्याच्या भाषेत आली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. साधा शिपाई तेथेही खुर्द्यातच जमा झाला, हे मी नाकारत नाही. परंतु मोती गळाले म्हणताच ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. बूट हरवला म्हणून कोण रडतो? दुसरा जोड आणतात.

आणि मौज अशी की, हे बूट बहुधा नकारातच ऐकू येतात. ओबामांनी 'नाहीत' म्हटल्याला दोन वर्षे झाली, आणि २०१५ च्या ऑक्टोबरअखेर पन्नासाच्या आतबाहेर नव्हे, पन्नासाहून कमीच, खास सैनिक सीरियात धाडण्याचे जाहीर झाले. लगेच खुलासा आला की, ते वचन निराळ्या प्रकारच्या युद्धाबद्दल होते. त्याच महिन्यात शेजारच्या इराकमध्ये, हवीजा येथील छाप्यात, जोशुआ व्हीलर हा अमेरिकन सैनिक मारला गेला. तेथे अमेरिकन सैन्याचे काम सरकारी भाषेत सल्ला आणि साहाय्य एवढेच होते. सल्ला देणारे काय अनवाणी जातात? 'सैनिक' म्हटले असते तर शब्द फिरवणे इतके सोपे गेले नसते. बुटाचा अर्थ ज्याच्या त्याच्या सोयीने सैल करता येतो.

भाच्याला मी म्हटले होते, "आपली मुले तिकडे पाठवणार नाही, असे लिही."

तो हसला. "मामा, बातमीत असे चालत नाही."

दुसऱ्या दिवशी छापून आले, 'फौज उतरवणार नाही.' मराठी चोख होते. नाव ठेवायला जागा नव्हती. तरी तो अंक मी बरेच दिवस रद्दीत टाकला नाही.