इंग्रजी सर्वनामें आणि आपलें वाचन

इंग्रजी व्याकरणाचें शालेय पुस्तक उघडलें कीं सर्वनामांच्या प्रकरणाच्या आरंभीं बहुधा एकच व्याख्या आढळते: नामाबद्दल येणारा शब्द तें सर्वनाम. खालीं पुरुष, वचन, लिंग व विभक्ति यांचें कोष्टक असतें. तें पाठ झालें म्हणजे विषय संपला, असें गुरु व शिष्य दोघेहि मानतात. ही व्याख्या सोयीची खरी, पण अपुरी आहे. बोलणारा 'आय' म्हणतो तेव्हां तो कोणत्या नामाची जागा भरून काढीत असतो? 'आय' आणि 'यू' हे नामाचे मुखत्यार नव्हेत. बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि उभयतांचें नातें काय, याची ते साक्ष देतात.

या उणिवेमुळें होणारें नुकसान शेक्सपिअर वाचतांना विशेष प्रत्ययास येतें. त्याच्या काळीं इंग्रजींत एकाच व्यक्तीस उद्देशून 'दाऊ' व 'यू' असे दोन शब्द चालत. 'यू' मुळांत अनेकवचनाचा. मान देण्याकरितां तो एका व्यक्तीसहि योजूं लागले. 'दाऊ' हा जवळिकीचा, वडीलपणाचा आणि प्रसंगीं तिरस्काराचाहि शब्द होता. प्रार्थनेंत व काव्यांत भेटल्यामुळें आमचा विद्यार्थी मात्र तो आदरार्थी समजून चालतो. वास्तविक विठोबाला 'तूं' म्हणणाऱ्या महाराष्ट्रांत ही चूक होऊं नये. 'हॅम्लेट' नाटकाच्या तिसऱ्या अंकांत राणी मुलाला प्रथम 'दाऊ' म्हणून दटावते. तो तिचेच शब्द फिरवून, पण 'यू' म्हणून, उत्तर देतो. आणि पुढल्याच वाक्यांत राणीहि 'यू' वर येते. आईची माया एका सर्वनामासरशी मागें सरली, हें ज्याला ऐकूं आलें नाहीं त्याला त्या प्रवेशाचा अर्धा अर्थ पोंचलाच नाहीं.

पुढें 'दाऊ' नित्याच्या बोलण्यांतून बहुतेक गेला. सतराव्या शतकांत क्वेकर पंथाचे लोक थोरामोठ्यांनाहि 'दाऊ' म्हणत, व त्यापायीं त्यांनीं मोठा रोष पत्करिला. समता अखेर आली ती उलट्या वाटेनें: सर्वांना 'तूं' न म्हणतां सर्वांना 'तुम्ही' म्हणून. म्हणूनच आजची इंग्रजी कादंबरी मराठींत आणणाराला प्रत्येक 'यू' पाशीं थांबून निवाडा करावा लागतो: तूं, तुम्ही कीं आपण? 'वुई' चेंहि तसेंच. ऐकणारा धरून 'आपण' कीं वगळून 'आम्ही', हें तो शब्द सांगत नाहीं.

हा इतिहास ध्यानांत घेतला तर एका व्यक्तीविषयीं 'दे' वापरण्यावर आज होणारा गहजबहि निवळेल. व्यक्ति स्त्री कीं पुरुष हें ठरलेलें नसतां 'दे' योजण्याची चाल चौदाव्या शतकापासूनची आहे. वैयाकरणांनीं ती पुढें अशुद्ध ठरविली; १८५० सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश धरावा असें ठरविलें; तरी बोलण्यांतील चाल मोडली नाहीं. २०१९ सालीं मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशकारांनीं 'दे' हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला. अनेकवचनांतून एकवचनांत आलेला 'यू' शुद्ध मानावा आणि 'दे' ला मात्र नांवें ठेवावीं, हें तर्काला धरून नाहीं.

कोष्टक टाकून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. तें पाठ असावेंच. पण त्यासोबत एखादा नाट्यप्रवेश वाचून, कोण कोणाला काय म्हणतो व मध्येंच शब्द कां बदलतो, हें शिक्षकानें वर्गांत विचारावें. तूं, तुम्ही व आपण यांचा विवेक मराठी मुलाला घरींच मिळालेला असतो; इंग्रजी शिकवितांना त्याचा उपयोग करून घेण्यास निराळ्या पुस्तकाची गरज नाहीं.