भूमिकाधारित प्रवेशनियंत्रणात अ‍ॅनोटेशन: सोय आणि मर्यादा

गुण बदलणाऱ्या मेथडवर '@रोल्सअलाउड("प्राध्यापक")' अशी एक ओळ लिहिली की प्रवेशनियंत्रण झाले, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. सोय आहे, हे मान्य. नियम आणि कोड एकाच जागी दिसतात, एक्सएमएल फाइल धुंडाळावी लागत नाही. पण भूमिकाधारित नियंत्रणाची मूळ कल्पना या ओळीत अर्धीच उतरते, असे माझे मत आहे.

फेराओलो आणि कुन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा गाभा असा: वापरकर्त्याला भूमिका द्यायची, भूमिकेला परवानग्या जोडायच्या, आणि हे काम प्रशासकाचे. '@रोल्सअलाउड'मध्ये परवानगी हा मधला दुवाच गळतो. भूमिका थेट मेथडला चिकटते. उद्या विभागप्रमुखांनाही गुण बदलू द्यायचे ठरले, तर कोड बदला, बिल्ड करा, पुन्हा डिप्लॉय करा. त्याऐवजी '@प्रीऑथराइझ'मध्ये 'हॅजऑथॉरिटी' वापरून 'गुण_बदल' ही परवानगी तपासावी. ती कोणत्या भूमिकेला आहे, हे डेटाबेसच्या टेबलात राहू द्यावे.

दुसरा दोष अधिक घातक, कारण तो दिसत नाही. स्प्रिंग सिक्युरिटीच्या जुन्या '@एनेबलग्लोबलमेथडसिक्युरिटी'मध्ये 'प्रीपोस्टएनेबल्ड' स्वतः चालू करावे लागे. विसरलात तर '@प्रीऑथराइझ' नुसते शोभेला. आवृत्ती ५.६ मध्ये आलेल्या '@एनेबलमेथडसिक्युरिटी'त ते आपोआप चालू असते, मात्र '@रोल्सअलाउड'साठी 'जेएसआर२५०एनेबल्ड' आजही वेगळे द्यावे लागते. शिवाय डीफॉल्ट मांडणीत तपासणी प्रॉक्सी करते. त्याच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला हाक मारली, तर प्रॉक्सी वाटेत येतच नाही आणि तपासणी होत नाही. भूमिकेचे नाव स्ट्रिंगमध्ये असल्याने स्पेलिंग चुकले तरी कंपायलर गप्प. (ही चूक निदान दार बंद ठेवते, आधीच्या दोन्ही ते उघडे टाकतात.)

आणि 'प्राध्यापक' ही भूमिका असलेल्याने दुसऱ्याच्या वर्गाचे गुण बदलले तर? भूमिका तपासली गेली, मालकी नाही. त्यासाठी मेथडला आलेला विषय-क्रमांक घेऊन, तो विषय लॉगिन केलेल्या शिक्षकाकडे आहे का, हे वेगळे पाहावे लागते. प्रॅक्टिकलच्या वहीत मी म्हणूनच दोन टेस्ट मागतो: विद्यार्थ्याच्या लॉगिनने ४०३ आला पाहिजे, आणि दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाच्या लॉगिननेही ४०३च.