ख्रिस्ती श्रद्धा आणि चित्रपटाचा पडदा

1910 च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त वावरत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे मात्र कृष्ण व राम, गोकुळ व अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे नमूद केले. या अनुभवाची परिणती 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये झाली, हे सर्वश्रुत आहे, त्याचे समीक्षामूल्य मात्र उपेक्षित राहिले. चित्रपट श्रद्धा निर्माण करीत नाही. प्रेक्षकाच्या ठायी असलेली श्रद्धा तो जागवितो. पौराणिक चित्रपटाचा प्रेक्षक ती बरोबर घेऊनच येत असे. ख्रिस्ती पात्र रंगविणाऱ्या दिग्दर्शकाला आपल्याकडे ही अनुकूलता लाभत नाही.

म्हणून तो बाह्य चिन्हांचा आश्रय घेतो: क्रूस, मेणबत्ती, मोडकी हिंदी, मद्याचा पेला. ‘अमर अकबर अँथनी’ (1977) मधील अँथनी दारूचा गुत्ता चालवितो आणि ईस्टरच्या अंड्यातून प्रकट होतो. तथापि तोच ख्रिस्तमूर्तीशी सलगीने बोलतो, तेव्हा विनोदाच्या आडून एक खरा सूर लागून जातो. ‘अनाडी’ (1959) मधील ललिता पवारांची मिसेस डिसा याहून सरस आहे. तिची श्रद्धा तिच्या रागात आणि मायेत मुरलेली असल्यामुळे निराळी दाखवावी लागत नाही.

पण हे झाले शहरी ख्रिस्ती. हर्सूलपासून फार दूर नसलेल्या जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती खेडे वसविले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून गाइली. टाळाच्या नादात प्रार्थना करणाऱ्या या मराठी ख्रिस्ती माणसाला रूढ चिन्हांत स्थान नाही.

त्याचे चित्रण कसे व्हावे, याचे दिग्दर्शन लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्याआधीच जातिभेद मनुष्यकृत असल्याची जाणीव होऊन कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांचा निश्चय झाला होता. सोवळ्यात वाढलेल्या स्त्रीने ओठांना लावलेला पाण्याचा पेला हे कॅमेऱ्याला दिसणारे दृश्य आहे, आणि धर्मांतराचे मर्मही त्यातच आहे. विजया मेहता यांनी सुहास जोशी यांना लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत घेऊन हे आत्मचरित्र पडद्यावर आणले, ही वाट म्हणूनच महत्त्वाची ठरते.

सारांश, श्रद्धेची सत्यता वेदीवर नव्हे, आचरणात शोधावी लागते. ती कृती हाती लागली, तर परधर्मी प्रेक्षकही तिच्यात आपल्या श्रद्धेची ओळख पटवून घेईल. फाळके यांना ती पटलीच होती.