स्पर्शाचे भय

गेल्या महाशिवरात्रीच्या जत्रेस मी मार्कंड्याला गेलो होतो. चामोर्शी तालुक्यातले वैनगंगेच्या काठचे हे जुने शिवक्षेत्र. येथे नदी उत्तरवाहिनी होते, म्हणून स्नानाचे माहात्म्य मोठे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांतून माणसे लोटतात. ओल्या अंगाला ओले अंग लागते आणि कोणी कोणाची जात विचारीत नाही. मार्कंडेयाची कथा वाचकांना ठाऊकच आहे. यम न्यायला आला तेव्हा त्या पोराने शिवलिंगाला मिठी मारली. लहानपणी मला तो निर्भय वाटे. त्या गर्दीत उभा असता वाटले, पोरगा भ्यालाच असला पाहिजे. न भिणारा मिठी कशाला मारील? भ्याल्यावर कोणाला धरावे हे त्याला कळले, एवढेच त्याचे धैर्य.

त्या रात्री मुक्कामावर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडली. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेले हे पुस्तक आपल्या घरोघर वाचले गेले आहे. पण कसे? विनोदी प्रसंगांवर हसायचे, विक्षिप्त नवऱ्याच्या बायकोची कीव करायची, आणि ख्रिस्ताचे नाव आले की पान उलटायचे. मीही वर्षानुवर्षे तसेच वाचले, हे येथे कबूल करतो. ख्रिस्ती धर्म हा त्या बाईंच्या आयुष्यातला एक अपघात, आणि धैर्य मात्र मुळातले, असा माझा समज होता. तो चुकीचा होता.

या पुस्तकातले खरे भय कोणते? दारिद्र्याचे नव्हे, मृत्यूचेही नव्हे. ते शिवाशिवीचे भय आहे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांच्या मनात विटाळाचे वेड शिरले. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, अशा घरात ही मुलगी वाढली. अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. या कवीच्या हाती नवा करार पडला तो १८९३ साली, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने नवरा जिवंत असून हातचा गेला. पुढे चार-पाच वर्षांची ताटातूट. नवऱ्याकडे परतल्या तरी सोवळे सुटले नव्हते.

ते सुटले ते नवऱ्याच्या उपदेशाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न बाईंनी स्वतःच स्वतःला घातला, उत्तर स्वतःच शोधले, आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. श्रद्धा त्यांच्याकडे आधी पाण्याच्या घोटातून आली, मग प्रार्थनेतून. ज्या देवाला सगळी लेकरे सारखी, त्याच्या घरात विटाळ राहील कुठे? भय मुळाशीच उपटले गेले. परक्या मुलांना पोटाशी धरणे, वैधव्यात मुंबईस मुलींच्या वसतिगृहाचे काम पत्करणे, उतारवयात कराचीस बिऱ्हाड हलवणे, ही पुढची सारी धिटाई त्याच एका घोटाची वाटते. टिळक १९१९ साली गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ या बाईंनी हाती घेतले आणि चौसष्ट अध्यायांची भर घातली. लिहावाचायला त्या लग्नानंतर शिकल्या होत्या, हे येथे विसरू नये.

मग पुस्तकात दोष नाहीत काय? आहेत. टिळकांच्या मृत्यूनंतरचा भाग सैल आहे. शिवाय मनातल्या एवढ्या मोठ्या उलथापालथीला बाई फार थोडी जागा देतात. टिळक आपल्या अभंगांतून जे गळा मोकळा करून गातात, ते बाई स्वयंपाकाच्या गडबडीत सांगावे तसे सांगून पुढे जातात. साधनेचा इतिहास शोधणारा वाचक येथे उपाशी राहील.

परंतु भाविक वाचकाची चूकही कमी नाही. देवाने बळ दिले आणि संकटे पळाली, असा सरळ हिशेब तो या पुस्तकावर लादू पाहतो. संकटे पळत नाहीत. लेकरे जातात, पैसा टिकत नाही, नवरा जन्मभर तऱ्हेवाईकच राहतो. बदलते ते एवढेच की, बाईंना आता त्या साऱ्याकडे पाहून हसता येते, आणि स्वतःवर अधिक हसता येते. भित्रा माणूस स्वतःला हसत नाही. त्यांचा विनोद आणि त्यांची श्रद्धा वेगळी काढली, तर हाती विनोदच फक्त उरेल, आणि तोही फिका.

सकाळी पुन्हा घाटावर गेलो. एका म्हातारीने पायरी उतरताना माझा हात धरला. मी कोण, हे तिने विचारले नाही. उतरून झाल्यावर हसली आणि पाण्यात शिरली. वैनगंगेच्या काठी त्या म्हातारीला जे सहज साधले, त्यासाठी लक्ष्मीबाईंना घर, माहेर आणि जात ओलांडावी लागली. या दिवाळीत कोणी ‘स्मृतिचित्रे’ हाती घेणार असेल तर एवढेच सांगेन : हसा, पण पान उलटू नका.